जादू आणि भंगार एकाच जगात: दोघांचा हिशेब कसा जुळवायचा?

कोरापाना

टेबलटॉप खेळासाठी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळतात तो) एक जग बांधतोय, जमलं तर त्यातूनच पुढे कादंबरी. मांडणी अशी: ‘फूट’ नावाच्या घटनेला ८० वर्षं झाली आहेत. त्या दिवशी वीजपुरवठा कायमचा बसला आणि त्याच दिवसापासून काही लोकांच्या हातून जादू होऊ लागली. ६०० माणसांची वस्ती आहे, एका दिवसाच्या चालीवर उजाड शहर. काही जण शहरातून भंगार वेचून आणतात, काही लोहारकाम करतात, आणि पाच-सहा मांत्रिक आहेत: दोन आगीचे, एक थंडीचा, एक ठिणगीचा, बाकीचे किरकोळ.

अडतंय ते इथे. खेळाडूंना हे जग दिलं की पहिल्याच दिवशी ते आगीच्या मांत्रिकाला बॉयलरपुढे बसवणार, वाफेचं इंजिन फिरवणार, त्यावर आल्टरनेटर (फिरवला की वीज करणारा मोटारीतला भाग) जोडणार आणि गावात दिवे लावून मोकळे होणार. म्हणजे टंचाई संपली, गोष्टही संपली. ‘जादूने यंत्रं बिघडतात’ असा सरसकट नियम लावता येईल, पण तो फार आळशी वाटतो.

तर प्रश्न: जादूची किंमत कशी लावावी? ८० वर्षांनी खरोखर काय चालू अवस्थेत सापडेल? आणि फूट नेमकी कशी झाली म्हणजे वीजजाळं मेलं पण सुटी यंत्रं वाचली?

---

हिशेबनीस

जादूला आणि बॅटरीला एकाच मापाने मोजा. खेळांत जादूला लावतात ते ‘मनाशक्ती ४० गुण’ वगैरे सोडून द्या आणि सरळ ज्यूल, म्हणजे ऊर्जेचं माप, धरा. खेळाडूंना आकडे दाखवायची गरज नाही, पण तुमच्या वहीत ते हवेत.

चार आकडे पुरतात. माणसाचं दिवसाचं खाणं २००० किलोकॅलरी धरलं तर ते ८.४ मेगाज्यूल होतं. स्नायू त्यातला साधारण पाव भाग कामात उतरवतात, म्हणजे दिवसाला २ मेगाज्यूल. मोटारीची १२ व्होल्ट, ४५ ॲम्पिअर-तासांची भरलेली बॅटरी म्हणजे ५४० वॉट-तास, तेही जवळजवळ २ मेगाज्यूलच. थोडक्यात एक बॅटरी म्हणजे जवळजवळ एका माणसाची एक दिवसाची ढोर मेहनत. हा योगायोग तुमच्या जगाचं चलन होऊ शकतो.

आता गंमत बघा. १० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३.१ मेगाज्यूल लागतात. तेवढ्याच ऊर्जेत एक टनाची मोटार सुमारे ३२० मीटर उंच उचलता येते. कल्पित जादूमध्ये नेमकं उलटं असतं: हवेत मोटार फेकणारा महामांत्रिक आणि पाणी गरम करणारा पोरगेला शिकाऊ. खऱ्या हिशेबात उष्णता भयंकर महाग आणि उचलणं स्वस्त आहे.

तुमच्या बॉयलरचा प्रश्न इथेच सुटतो. मांत्रिकाची जादू त्याच्या अंगातूनच येत असेल तर त्याच्याकडे दिवसाला २ मेगाज्यूल आहेत. त्यात सहा लिटर पाणी जेमतेम उकळेल. हाताने जोडलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता ५ टक्के मिळाली तरी खूप. म्हणजे दिवसभर मांत्रिक पिळून हाती पडणार २८ वॉट-तास. त्यापेक्षा पेडल मारणारा गडी परवडला: ७५ वॉटने १० तास मारले तर ७५० वॉट-तास, पट्ट्यात, जनरेटरमध्ये आणि चार्जिंगमध्ये गेलेलं वजा करून एक बॅटरी भरते. नियमाने बंदी घालायची गरजच नाही. खेळाडू स्वतःच बेरीज करून तो बेत सोडतील.

आगीच्या मांत्रिकाचा खरा उपयोग पेटवण्यात आहे. ओलं लाकूड पेटवायला, भट्टी पेटवायला, एका बिंदूवर क्षणभर प्रचंड तापमान आणायला थोडी ऊर्जा पुरते. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला तापमान द्या, उष्णता देऊ नका.

दुसरा पर्याय मला जास्त आवडतो: मांत्रिक उष्णता निर्माण करत नाही, इकडची तिकडे नेतो. मग आग आणि थंडी ही एकच विद्या होते. एका बादलीतलं १० लिटर पाणी उकळलं की शेजारच्या बादलीतलं सात लिटर गोठतं (एक किलो पाणी २५ अंशांवरून बर्फ होताना ४३९ किलोज्यूल सोडतं, भागाकार करून बघा). शेजारी पाणी नसेल तर उष्णता भिंतीतून, जमिनीतून, किंवा जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून येते. मांत्रिक कुठे काम करून गेला हे त्याच्या मागे राहिलेल्या दहिवरावरून कळेल. या जगात जादूने उष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही) मोडलाय, पहिला (ऊर्जा शून्यातून येत नाही) नाही.

---

शंकेखोर

हिशेबनीस, बादल्यांचं चित्र झकास आहे, पण त्यात मोठं भोक आहे. एका बाजूला उकळतं पाणी आणि दुसऱ्या बाजूला बर्फ फुकटात मिळत असेल तर मध्ये उष्णता-इंजिन ठेवायचं. उष्णता परत बर्फाकडे वाहताना काम देईल, मांत्रिक ती पुन्हा उलट नेईल. अक्षय इंजिन झालं! तुम्ही बॉयलर दाराबाहेर काढला आणि खिडकीतून आत घेतला.

भोक बुजवायचं तर मांत्रिकाकडून कामाचं भाडं घ्या. १०० आणि शून्य अंश या टोकांमध्ये आदर्श इंजिन २७ टक्क्यांच्या वर देऊ शकत नाही (१०० अंश म्हणजे ३७३ केल्विन, त्यातला १०० चा फरक). तेवढेच २७ टक्के उलट नेताना मांत्रिकाच्या अंगातून कापा. ३.१ मेगाज्यूल उकळीला नेले की त्याच्या २ मेगाज्यूलच्या रोजच्या कमाईतून ०.८४ गेले. दिवसाला वीसेक लिटर उकळून तो आडवा होईल. स्वतःच्या अंगातून उष्णता काढणाऱ्यापेक्षा हा चौपट काम करतो, म्हणजे विद्या शिकण्यात अर्थ आहे, पण फुकट काहीच मिळत नाही.

टोकांमधला फरक जितका कमी तितकं भाडं कमी, हेही आपोआप येतं. धान्याचं कोठार बाहेरच्यापेक्षा दहा अंश थंड ठेवणं स्वस्त. लोखंड लाल करणं महाग. थंडीचा मांत्रिक वस्तीत सगळ्यात मानाचा निघेल.

---

गंजखाता

दुसऱ्या प्रश्नावर. ८० वर्षं हा काळ फार क्रूर आहे. ‘सापडलेली मोटार चालू केली’ हे विसरायचं. पेट्रोल वर्षभरात शिळं होतं, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो; इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते ओल ओढतं आणि पाणी खाली वेगळं पडतं. डिझेल जरा जास्त टिकतं, पण तळाला पाणी साचलं की त्या सीमेवर जंतू वाढून शेवाळासारखा गाळ होतो. टायरला भेगा पडून गेलेल्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (पाटीवरचे वीज साठवणारे, आत ओल असलेले भाग) सुकलेले. त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रॉनिक पाट्या मेलेल्या. फ्लॅश मेमरीतली माहिती विजेविना दहा-वीस वर्षांच्या भरवशाची, म्हणून ‘जुन्या पेन ड्राइव्हमध्ये सापडलेलं रहस्य’ नको. ते कागदावर ठेवा.

सोलर पॅनलबद्दल लोक भाबडे असतात. वर्षाला अर्धा टक्का घसरण धरली तर कागदावर ८० वर्षांनीही निम्म्याहून जास्त ताकद उरते. प्रत्यक्षात त्याआधी कडेचं सील सुटतं, आत ओल शिरते, सेल जोडणाऱ्या पट्ट्यांचं सोल्डर तडकतं, मागच्या जंक्शन बॉक्समधले डायोड जातात. पण बाद पॅनलमध्येही शाबूत सेल असतात. एक सेल अर्ध्या व्होल्टच्या आसपास देतो, १२ व्होल्टच्या पॅनलमध्ये ते ३६ असतात. अडचण अशी की काचेला चिकटलेला सेल पापुद्र्यासारखा असतो आणि सोडवताना त्याचा चुरा होतो. काच न काढता मागून खरवडून तुटका जोड शोधणं आणि तिथे डाग देणं हा स्वतंत्र पेशा दाखवता येईल.

खरा खजिना म्हणजे तांबं, शिसं, काच, बेअरिंगा आणि चुंबक. हार्ड डिस्कमधले निओडिमियम चुंबक ८० वर्षांनीही दणकट असतील, जर वरचा निकेलचा मुलामा शाबूत असेल तर. मुलामा उडालेला चुंबक आतून भुसभुशीत होतो. साध्या प्रतीचे चुंबक ८० अंशांच्या वर ताकद गमावू लागतात, त्यामुळे जळक्या इमारतीतून आणलेले चुंबक बघून घ्यायचे.

कोरापाना, तुमच्या आल्टरनेटरबद्दल. त्यात कायमचा चुंबक नसतो. फिरत्या भागाच्या गुंडाळीला बाहेरून थोडा करंट द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो वीज करायला लागतो. गावात एकही जिवंत बॅटरी नसेल तर तो नुसता फिरत राहील. शिवाय त्याला मिनिटाला हजार-दीड हजार फेरे हवेत, आणि पाणचक्की फिरते दहा-बाराने. शंभरपट वेग वाढवायचा तर पट्टे लागतात, आणि रबरी पट्टे तर कधीच गेले. म्हणून सावकाश फिरणाऱ्या चक्कीला हाताने गुंडाळलेली तांब्याची वेटोळी आणि चुंबकांची चकती बरी. आल्टरनेटरच हवा असेल तर इथे तुमचा ठिणगीचा मांत्रिक कामाला येतो. दोन-तीन ॲम्पिअर, काही सेकंद, बस्स. एकदा आल्टरनेटरने पकड घेतली की तो स्वतःची गुंडाळी स्वतः पोसतो. जादूला इंधन करू नका, स्टार्टर करा. यंत्रात एक नेमकी फट ठेवायची आणि तेवढीच जादूने भरायची.

बॅटरी. जुन्या बॅटऱ्या जशाच्या तशा चालणार नाहीत, प्लेटांवर कडक सल्फेट चढलेलं असतं. पण शिसं कुठे जात नाही. ते ३२७ अंशांना वितळतं, लाकडाच्या आगीवरही. १८५९ साली गॅस्टन प्लान्ते याने पहिली शिशाची बॅटरी केली ती शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड आणि गंधकाम्ल एवढ्यावर. तुमचे लोक तेच करतील: पत्रे जोडीने गुंडाळायचे, मध्ये अंतर ठेवायचं, काचेच्या बरणीत बुडवायचे. मग मंद करंटने चार्ज, पूर्ण उतरवणं, उलट दिशेने चार्ज, पुन्हा उतरवणं, असं आठवडेच्या आठवडे. प्रत्येक फेरीत पृष्ठभाग थोडा सच्छिद्र होतो आणि क्षमता वाढते. शेवटी एक पत्रा चॉकलेटी, दुसरा करडा दिसायला लागला की जमलं. एका बरणीचे २ व्होल्ट, सहा ओळीने जोडल्या की १२.

बिघडतं कुठे? विहिरीचं पाणी वापरलं की त्यातल्या लोहामुळे बरणी नुसती ठेवलेलीही उतरते. पावसाचं पाणी, तेही पत्र्यावरून न आलेलं, घ्यायचं. मधलं सुती कापड आम्लात कुजतं आणि पत्रे एकमेकांना टेकतात. आम्लात पाणी ओतलं तर उसळतं, म्हणून नेहमी पाण्यात आम्ल. आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला निमित्त पुरतं. बंद खोलीत बरण्या ठेवून आत ठिणगीच्या मांत्रिकाला बोलावणं हा तुमच्या गोष्टीतला एक चांगला स्फोट आहे. शिसं वितळवणाऱ्यांच्या धुळीने आणि वाफेने त्यांची मुलं आजारी पडतात, ते वस्तीच्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहतात.

खरी टंचाई आम्लाची. मेलेल्या बॅटरीतलं सल्फेट प्लेटांत जाऊन बसलेलं असतं, त्यामुळे आत उरतं ते पातळ, कमजोर आम्ल: १.२८ ऐवजी १.१२ घनतेचं. म्हणजे हजार बॅटऱ्यांचा ढीग असूनही कामाचं आम्ल नाही. ते नव्याने करायचं तर गंधक आणि सोरा जाळून धूर शिशाने मढवलेल्या खोलीत पाण्यावर धरायचा. जॉन रोबक याने १७४६ मध्ये हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर केली. मढवायला शिसं तर आहेच! गंधक कुणाच्या ताब्यात आहे, यावर तुमचं सगळं राजकारण उभं करता येईल.

---

ऐरण

वरचं सगळं मान्य. पण नवं उत्पादन सुरू झालं की भंगाराची किंमत पडते, मग शहरात जायचं कशाला? त्यावर खऱ्या जगातला एक तोडगा आहे. १९४५ नंतर अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कण आले. पोलाद करताना भट्टीत हवा फुंकतात, तिच्यातून ते धातूत शिरले. अतिसंवेदनशील मोजमापाच्या उपकरणांना असं पोलाद चालेना. मग आधीचं पोलाद शोधलं गेलं, आणि ते मिळालं बुडालेल्या जहाजांत. जर्मन आरमाराने २१ जून १९१९ रोजी स्कॉटलंडजवळ स्कापा फ्लो इथे आपली ५२ जहाजं स्वतःच बुडवली होती, त्यांच्या सांगाड्यांमधून असं पोलाद काढलं गेलं.

हे जसंच्या तसं उचला. फुटीनंतर हवेत जादू आहे. फुटीनंतर वितळवलेला प्रत्येक धातू ती पितो. जुनं पोलाद मात्र ‘कोरं’, जादू त्याला लागत नाही. मांत्रिकाला बांधायच्या बेड्या, ठिणगीने न बिघडणारी मोजयंत्रं, जादू अडवणारं दार, सगळ्याला कोरं पोलाद लागतं. आणि ते संपत जाणारं आहे, कारण वितळवलं की बाटलं. फक्त तापवून ठोकलं तर कोरंच राहतं. या एका नियमाने ओतारी मागे पडतो आणि लोहार राजा होतो.

लोहारकाम लिहिताना: ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे उत्तम, ०.६ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, धार धरतात. इमारतीच्या सळया बहुतेक मऊ, त्यांना पाणी पाजलं तरी कडक होत नाहीत. त्यांचे खिळे आणि बिजागऱ्या करा, तलवार नको. पाटा तापवत न्यायचा, चुंबकाला चिकटेनासा झाला (साधारण ७७० अंश) की अजून थोडा, मग तेलात बुडवायचा. पाटा पाण्यात बुडवला तर ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि भेग पडते. तो आवाज ऐकून लोहाराचा चेहरा कसा होतो ते लिहा, बाकी काही लिहावं लागणार नाही. नंतर पुन्हा हलकं तापवून गवती पिवळा रंग चढला की थांबायचं. निळ्यावर गेलं की धार मऊ. आणि वापरून थकलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असतात. तसलं पातं ऐन वेळी मुठीपाशी मोडतं.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा भट्टीत घालणारा शिकाऊ रात्री थंडी वाजून तापाने फणफणतो. खेळाडू त्याला शाप समजतील, समजू द्या.

---

सावट

तिसरा प्रश्न पटकन: सौर वादळ धरा. लांबलचक तारांमध्ये करंट चढतो, सुट्या वस्तूंना फारसं काही होत नाही. १८५९ च्या वादळात तारयंत्रं बॅटरी काढूनही चालली होती. १३ मार्च १९८९ रोजी तशाच वादळाने कॅनडातल्या क्युबेकची वीज ९ तास गेली, ६० लाख लोक अंधारात. मोठे ट्रान्सफॉर्मर जळाले आणि बदली मिळाली नाही की जाळं संपलं. कपाटात ठेवलेलं रेडिओयंत्र वाचतं. अणुस्फोटाचा पर्याय घेतला तर छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रंही जातील, तो तुम्हाला नको आहे.

एक गोष्ट मात्र कुणी काढली नाही: भंगारवाल्यांना जादू आणि विष यांतला फरक कळणार नाही. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरच्या यंत्राचा भाग भंगारात गेला. आत सीझियम-१३७ ची ९३ ग्रॅम भुकटी होती, अंधारात निळी चमकणारी. ती सुंदर वाटली म्हणून नातेवाइकांत वाटली गेली, अंगाला लावली गेली. चार माणसं गेली, २४९ जणांना बाधा झाल्याचं आढळलं, लाखाहून जास्त लोकांना तपासावं लागलं. तुमच्या जगात निळी चमक दिसली की लोक मांत्रिकाला बोलावतील. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे ८० वर्षांनी सहावा हिस्सा शिल्लक. कमी, पण खिशात घेऊन फिरायला पुरेसं घातक.

अवांतर: ६०० माणसांना फक्त धान्यावर जगवायचं तरी वर्षाला दीडशे टनांच्या घरात धान्य लागतं. पाठीवर २५ किलो घेऊन दिवसाला २० किलोमीटर चालणारा हमाल रोज पाऊण किलो स्वतः खातो. पंधरा दिवस जाणं आणि पंधरा दिवस येणं यात २२ किलो त्याच्याच पोटात. म्हणून लांबच्या व्यापारात धान्य दाखवू नका. चुंबक, गंधक, कोरं पोलाद दाखवा.

---

कोरापाना

बॉयलर रद्द. उष्णता इकडची तिकडे, शंकेखोरांचं २७ टक्के भाडं, ठिणगीचा मांत्रिक म्हणजे स्टार्टर, आणि कोरं पोलाद, हे चारही घेतो. सौर वादळही. आग आणि थंडीचे मांत्रिक आता एकाच घराण्यातले करतो. एकच शंका: थंड बाजूला माठ, बंद पिंप वगैरे काहीही चालेल ना? पहिल्याच प्रसंगात आगीचा मांत्रिक कोठारात बसून लढणाऱ्यांना उकळतं पाणी पुरवतोय, आणि थंड टोक त्याने पाण्याच्या साठ्याच्या बंद टाकीला लावलंय.

---

हिशेबनीस

बंद टाकी नको. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, टाकी शिवणीवर उकलेल. माठही तडकेल. तळाशी अरुंद आणि वर रुंद अशी उघडी बादली लागते, म्हणजे बर्फ वर सरकतो.

किंवा टाकी तशीच राहू द्या. वेढ्याच्या चौथ्या दिवशी वस्तीला कळतं की आपण शत्रूवर ओतलं ते पाणी आपल्याच पिण्याच्या टाकीच्या जिवावर होतं, आणि आता बर्फाला धरून शिवण सुटली आहे. तो वितळायला लागेपर्यंत कुणाला गळती दिसणारही नाही.